सायबाच्या हौदातला मळा

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

ही वही माशांच्या नोंदींसाठी घेतली होती. पण आज मासेही नाहीत आणि धड पाणीही नाही, नुसता आनंद आहे. तर तोच लिहून ठेवते.

दादा आणि मी नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं जळकोटला उतरलो, आणि तिथून सामानासकट बैलगाडीनं केकतवाडीला. उद्यापासून जळकोटच्या नव्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवणार. मागच्या खेपेला जळकोटातच खोली शोधली होती. तीन घरांत आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेली म्हणून सांगितलं. चौथ्या घरात बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावणार का, ते विचारलं. केकतवाडीच्या भुजंगरावांनी यातलं काहीच विचारलं नाही. मागे कोण कोण आहे एवढंच विचारलं. वडील नाहीत, आई आणि एक भाऊ, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. दादा येताना गाडीत म्हणाला, माणूस मोठ्या मनाचा दिसतो.

भुजंगराव रस्त्यांचे कंत्राटदार. चार वर्षांपूर्वी लातूर जिल्हा झाला, नवे साहेब आले, तेव्हा त्यांना सुट्टीत उतरायला म्हणून शेतात हा बंगला बांधला. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे चक्क पोहण्याचा तलाव! वाडीतले लोक त्याला सायबाचा हौद म्हणतात. साहेब दोन उन्हाळे आले, मग यायचे बंद झाले. आता हौदात पुरुषभर उंचीची बेशरम माजली आहे, खोल बाजूला पाणकणीस, आणि तळाला शेवाळलेलं गुडघाभर पाणी. दादानं नाकाला रुमाल लावला. मला मात्र तिथं मळा दिसला.

परभणीच्या ग्रंथालयात एका परदेशी मासिकात वाचलं होतं. टाकीत मासे पाळायचे. त्यांचं घाण झालेलं पाणी मोटारीनं उचलून खडीच्या वाफ्यात सोडायचं, त्यावर भाजी लावायची. भाजीच्या मुळ्या पाणी निवळतात, आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे. तेच पाणी गोल गोल फिरत राहतं. दुष्काळी मुलखाला याहून चांगलं काय असणार?

दादा चारच्या गाडीनं परत गेला. आईला सांग, म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येताना घरचा मासा आणि घरची वांगी घेऊन येते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

भुजंगरावांनी हौदाला परवानगी दिली. इतक्या लगेच देतील असं वाटलं नव्हतं. उलट म्हणाले, बरं होईल, ती जागा वापरात आली पाहिजे. बोअरचं पाणीही देणार आहेत. वाडीच्या नळाला त्याच बोअरचं पाणी जातं. मी संकोचले, पण हौद एकदा भरला की पुढे उडून जाईल तेवढंच घालावं लागतं, हे त्यांना समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

भांड्यांना कोंडाबाई येतात. पन्नाशीच्या असाव्यात, हाडं वर आलेली, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी भिंतीवरचा फोटो बघून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, मग हात जोडून हळूच जयभीम म्हणाल्या. त्या इथल्या आमच्याच समाजाच्या वस्तीतल्या. परक्या गावात कोणीतरी आपलं भेटलं! दुसऱ्या दिवशी पदरातून झेंडूची दोन फुलं आणून त्यांनी फोटोला वाहिली. मी मुलींनाही शिकवते का, असं विचारलं. हो म्हटलं, मुलीच जास्त आहेत. त्यावर बराच वेळ भांडं घासत बसल्या. तेच भांडं.

रविवार, १४ डिसेंबर

तीन आठवडे बेशरम तोडतेय. वस्तीतल्या बायका मदतीला आल्या. मुळ्या फरशीच्या सांध्यांत इतक्या खोल गेल्या होत्या की पहारीनं उचकटाव्या लागल्या. गाळ निघाला तो पन्नास गाड्या तरी असेल, तो मी बांधावर टाकून घेतला. काय खत आहे! निळ्या फरश्या धुतल्यावर हौद असा काही हसला की बायकाही कौतुकानं बघत राहिल्या. मात्र दुपारचे बारा वाजायला आले की त्या सगळ्या एकदम उठतात आणि भाकरी खायला पार रस्त्याकडच्या लिंबाखाली जातात. हौदाजवळच्या आंब्याची सावली जास्त दाट आहे.

खोल बाजूच्या भिंतीला लागून, जमिनीखाली, मोटारीची खोली आहे. वरून लोखंडी झाकण, आत सहा पायऱ्यांची शिडी. हौद आणि ती खोली यांच्यात एका विटेची भिंत. जमिनीलगत वीतभर उंचीची एक जाळी आहे, उजेड येतो तो तिथूनच. झाकणाला गंजलेलं कुलूप होतं. किल्ली हरवली, असं भुजंगराव म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर झाकण उघडं, आत झाडलेलं आणि भिंतींना ताजा चुना. नवी मोटारही बसवलेली. एवढं कोण कोणासाठी करतं?

रविवार, १८ जानेवारी १९८७

मासे आले! रोहू आणि कटला, बोटाएवढी पिल्लं, पाण्याच्या पिशव्यांतून, जीपनं. पिशव्या अर्धा तास हौदात तरंगत ठेवून मग तोंडं सोडली. पाण्यात चांदीचा चुरा उधळल्यासारखं झालं.

सिमेंटचे मोठे पाइप उभे अर्धे करून आठ वाफे केलेत, त्यात खडी. पालक, चुका, अंबाडी, वांगी. मोटार चालू केली की पाणी वाफ्यांतून खळखळत परत हौदात पडतं. कोंडाबाई त्या आवाजाकडे कान देऊन उभ्या होत्या. आवडलं का, विचारलं. त्या म्हणाल्या, आत लई मोठ्यानं ऐकू येत असंल. आत म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पालक दोनदा काढला. वस्तीत घरटी एक जुडी वाटली. गावातली विहीर आटली, नळाला दिवसाआड पाणी येतं, आणि इथं पानं हातभर! भुजंगराव स्वतः बघायला आले, वांग्याला हात लावून म्हणाले, लातूरच्या साहेबांना एकदा दाखवू. मला खरंच अभिमान वाटला.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. सुट्टीच्या दिवशी घरी होते म्हणून दिसली. बाराच्या सुमाराला सगळे मासे खोल बाजूला गोळा होतात आणि मोटारखोलीच्या भिंतीकडे तोंड करून थांबतात. खाद्य टाकलं तरी वळत नाहीत. अर्ध्या तासानं पांगतात. भिंतीतून मोटारीचा कंप जात असेल, असं वाटलं. पण तेव्हा मोटार बंद होती.

मंगळवार, १० मार्च

हौदाचं पाणी रोज चार बोटं उतरतंय. ऊन धरलं तरी एवढं उडत नाही. परातीत पाणी ठेवून मोजलं, परातीतलं बोटभरच उतरलं. गळती असावी म्हणून हौदाची बाहेरची माती तपासली. कोरडी ठक्क. मग मोटारखोलीत उतरले. तिथंही भिंत कोरडी. कोरडी म्हणजे कशी, तर चुन्यावर हात टेकला आणि माझ्या तळव्याचा घाम ओढला गेल्यासारखं वाटलं. पाण्याची बाटली शिडीपाशी ठेवली होती. वर येताना उचलली तर रिकामी. बूच लावलेलं होतं.

भिंतीवर खालच्या बाजूला, माझ्या कमरेच्या खाली, चुना चाटल्यासारखा गेलेला आहे. दोन ठिकाणी. एक थोडं उंचावर, एक त्याच्या खाली.

गुरुवार, २६ मार्च

आज कॉलेजला सुट्टी. बारा वाजता झाकणाच्या आतून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा, मग थांबून दोनदा. जोरात नाही. खूप वेळ ठोकून दमलेलं माणूस ठोकतं तसं.

शेतावर लिंबाजी म्हणून म्हातारा राखणदार आहे. त्याला बोलावलं. तो रस्त्याकडेच उभा राहिला. उंदीर असतील म्हणाला, आणि वळून जवळजवळ पळतच गेला.

मी झाकण उघडलं नाही. मी, एम.एस्सी. झालेली बाई, आंब्याला पाठ लावून उभी राहिले. तेवढ्यात कोंडाबाई तांब्या घेऊन आल्या. मी दिसले नसावे. त्यांनी जाळीतून आत सावकाश पाणी ओतलं, पूर्ण तांब्या, आणि जाळीला कान लावला. मग ठोकणं थांबलं.

शनिवार, ११ एप्रिल

आज कोंडाबाईंना समोर बसवलं आणि विचारलं. त्यांनी सांगितलं, न रडता. जसं सांगितलं तसं लिहिते.

त्यांना दोन मुली होत्या. थोरली तारामती चौथीत, धाकटी सुमन सहा वर्षांची. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वस्तीला पाणी नव्हतं आणि गावच्या विहिरीवर यांना जाऊ देत नव्हते. हौद मात्र भरलेला होता, साहेब यायचे होते. कोंडाबाई तेव्हा चाकूरकडे रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेल्या. दुपारी मुली घागर घेऊन हौदावर आल्या. भुजंगरावांनी पकडलं. या पोरींनी बाटवलेल्या पाण्यात साहेबांनी उतरायचं का, म्हणाले, आणि धडा शिकवायला दोघींना मोटारखोलीत घालून कुलूप लावलं. संध्याकाळी सोडतो म्हणाले. मग लातूरहून जीप आली, कुठल्याशा कामाचं टेंडर उघडणार होतं, ते किल्ली खिशात घेऊन गेले. चौथ्या दिवशी आले.

तेव्हा तिथं जाळी नव्हती. ती नंतर बसवली.

कोंडाबाई तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पोचल्या. झाकणाभोवती सगळं गाव उभं होतं.

"झाकनाला हात लावला तर कातडं निघंल असं तापलं हुतं. आतून ठोकून राहिल्या हुत्या. लिंबाजीपाशी पहार हुती. समदे पहारीकडं बघून राहिले हुते. कोनी उचलली न्हाई."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी बी न्हाई."

कुलूप तोडलं तर भुजंगराव बोअर बंद करतील आणि अख्खी वाडी पाण्याविना मरेल, असं सगळे म्हणत होते. दोन मुली तर उद्या सुटणारच आहेत. दुपारी ठोकणं थांबलं. झोपल्या असतील, असं कोणीतरी म्हणालं. एका विटेपलीकडे आठ फूट पाणी होतं.

पंचनाम्यात लिहिलं, हौदात पोहताना बुडाल्या. गावातल्या अकरा जणांनी सह्या केल्या. कोंडाबाईंनी अंगठा दिला. पुढच्या महिन्यात वस्तीला नळ आला.

एवढं सांगून त्या उठल्या आणि राहिलेली भांडी घासायला गेल्या.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळे झेंडे, लेझीम. मी घरी बसून चार पानी अर्ज लिहिला, कलेक्टरांच्या नावानं. जिल्हा आता लांब नाही, उस्मानाबादपर्यंत जावं लागत नाही. नाव, तारीख, कुलूप, किल्ली, सगळं लिहिलं. कोंडाबाई नको म्हणाल्या. नळ जाईल म्हणाल्या. मी त्यांना बरंच ऐकवलं, आजच्या दिवशी तरी घाबरू नका म्हटलं. माझा आवाज चढला होता. शेवटी त्यांनी अंगठा उठवला. लिंबाजीचाही घेऊन येते म्हणून अर्ज पदरात बांधून नेला.

सोमवार, २० एप्रिल

अर्ज अजून आला नाही. लिंबाजी गावाला गेला म्हणतात.

मासे वितीएवढे झालेत. वजन करायला एक काढला. पोट फाडलं, तर आत पाणी नाही, ओलावा नाही, वाळवलेल्या बोंबलासारखा. आणि तो जिवंत होता.

सोमवार, २७ एप्रिल

भुजंगराव आले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला. सुट्टी कधी लागते, नांदेडला कधी निघणार, भाऊ न्यायला येणार की एकटीच जाणार. मी म्हटलं, शनिवारी, एकटीच. तुमचं अक्षर फार सुरेख आहे, असं जाता जाता म्हणाले.

मी त्यांना कधी काही लिहून दिलेलं नाही.

शुक्रवार, १ मे

बोअर गेला. नळ बंद. सकाळपासून लोक बांधावर येऊन हौदाकडे बघत बसलेत. मी पाणी घ्या म्हटलं. उठले नाहीत. कोणाच्या तरी सांगण्याची वाट बघत होते.

उद्या पहिल्या गाडीनं जाते. अर्ज नांदेडलाच पुन्हा लिहीन. सामान भरलं आहे.

शनिवार, २ मे

आत आहे. मोटारखोलीत.

निघाले होते. कोंडाबाई आल्या, मोटार जळाल्याचा वास येतोय, मासे मरतील म्हणाल्या. वही हातातच होती, पेन्सिल तिला बांधलेली. बॅग ओट्यावर ठेवून उतरले. पाचव्या पायरीवर होते तेव्हा वरचा उजेड गेला. झाकण कोंडाबाईंनी टाकलं. त्यांचे पाय दिसले. कुलूप लावलं ते भुजंगरावांनी. शांतपणे. दोनदा ओढून बघितलं.

मोटार ठीक आहे. वास नव्हताच.

जाळीतून हात जातो, मनगटापर्यंत. ओरडतेय. सगळे वरच आहेत. भुजंगरावांनी हौद गावाला खुला केला. घागरी, डबे, कळशा. भिंतीपलीकडे, एका विटेपलीकडे, पाणी भरायचा आवाज. मी नाव घेऊन हाका मारल्या, ज्यांना पालक दिला त्या एकेकीचं नाव घेऊन. क्षणभर सगळ्या घागरी थांबल्या. मग परत बुडबुड सुरू.

कोंडाबाई जाळीशी बसल्या.

"बाई, वरडू नगा. लोकांला पानी भरू द्या."

रविवार

झाकण तापलंय. चुना अंगाला चिकटतो. कोंडाबाईंनी पदर भिजवून जाळीतून आत सोडला. तोंडाशी नेला तर कोरडा. मधेच कोणीतरी पिळून घेतला —

म्हटलं, मी तुमचं काय केलं? त्या म्हणाल्या, कायबी न्हाई.

"पोरी एकट्या हायेत बाई. शाळा सोडाया तयार नव्हती माजी तारा. तुमी शिकलेल्या. ऱ्हावा त्यांच्यापाशी."

मग म्हणाल्या, नळ परत सोडतो म्हणालेत, नवा बोअर घेणार आहेत. आवाजात आनंद होता. खरंच होता.

सोमवार

दोघी आहेत. कोपऱ्यात. उजेडाची पट्टी सरकते तशा मागे सरकतात. ओठ नाहीत, उकलून गेलेत. भीती वाटायला हवी. वाटते. पण त्या लहान आहेत. थोरलीनं वहीला बोट लावलं —

तिला मासा शिकवला. भिंतीवर काढून. हे पर, हे खवले, हे कल्ले. कल्ल्यांनी मासा पाण्यात श्वास घेतो.

धाकटीनं विचारलं, आन् पानी नसलं तर?

मंगळवार?

हौद संपत आला. घागरी तळाला घासतात. मासे फरशीवर आपटतायत, फट् फट्, मग बायका गोळा करतात. कोणीतरी हसलं.

जीभ जड. अक्षर —

दोघी आता जवळ बसतात. माझ्या दोन्ही बाजूंना. सोडत नाहीत. धडा संपला की पुन्हा म्हणतात. पुन्हा.

बुध किंवा गुरु

दादा! दादाचा आवाज. वर, अगदी वर. मला न्यायला आला. भुजंगराव सांगतायत, बाई शनिवारीच गेल्या, पहिल्या गाडीनं, अहो, पोचल्या नाहीत? कोंडाबाई म्हणतात, मीच गाडीत बसवलं.

दादाचे बूट जाळीपाशी. दिसतात. धूळ बसलीय. हात लांब केला तर —

ऊन फार आहे, बसा म्हणतात. पाणी दिलं. दादा प्यायला. घोट ऐकू आले, सगळे. गोड आहे म्हणाला.

आता ओरडते. एकदाच, सगळा जीव लावून, दादा म्हणून, तो वाकेल, तो नक्की वाक—

तोंडावर हात. लहान. कोरडा. दुसराही. ताई, जाऊ नगंस म्हणते, थोरली की धाकटी, मी चावले तर नुसता चुना, बूट वळले, दादा, अरे खाली बघ, खा